पुढच्या बाकावर सुपडू नाना

भुसावळात दोन म्हातारे पहिल्यांदा भेटले की नाव-गाव राहतं बाजूला, आधी रेल्वेत काय होतात ते विचारतात. कोणी मेल गाडीचा ड्रायव्हर निघतो, कोणी गार्ड, आणि कोणी नुसता पाणी भरणारा असला तरी 'पाणी खात्यात होतो' असं छाती काढून सांगतो. सुपडू नानांना विचारलं की ते सरळ सांगत, "बत्तीस साल साहेबले ढकलं."

लोक हसत. पण गोष्ट सोळा आणे खरी होती. रुळांची पाहणी करणारे इन्स्पेक्टर साहेब ट्रॉलीवर बसून निघत. ट्रॉली म्हणजे चार चाकांची ढकलगाडी, पुढे एक बाक, बाकावर साहेब, साहेबांवर छत्री. मागे दोन माणसं अनवाणी, एकेका रुळावर पाय टाकत पळणारी. उतार लागला की त्यांनी टुणकन मागच्या फळीवर टेकायचं, चढ लागला की पुन्हा खाली. नाना नरडाण्याकडचे. बाविसाव्या वर्षी या कामाला लागले ते चोपन्नाव्या वर्षी सुटले. मधल्या काळात अकरा साहेब झाले आणि अकराही नानांना पाठमोरेच ठाऊक. मानेच्या रंगावरून ते साहेबांचा राग ओळखत. रूळ कुठे खचलाय हे नानांच्या तळव्यांना आधी कळे. ते हळूच "साहेब, आठे जरा", म्हणजे इथे जरा बघा, म्हणत, आणि साहेब वहीत लिहीत, 'तपासणीत आढळून आले.'

नानांची आयुष्यात एकच हौस राहिली होती. एकदा पुढच्या बाकावर बसायचं. समोर कोणाचीही पाठ नसताना रूळ कसा दिसतो, ते बघायचं. ही गोष्ट त्यांनी फक्त बायकोला, बेबाबाईला, सांगितली होती. म्हणजे अख्ख्या रेल्वे क्वार्टर्सला ठाऊक होती.

निवृत्त झाल्यावर माणसाने नातवंडं खेळवावीत, देवदर्शन करावं. भुसावळच्या निवृत्तांना ते कुठलं जमायला! गावातल्या बागेत मुलांची एक छोटी आगगाडी होती. शेतातल्या पाण्याच्या इंजिनावर पत्र्याचं खोकं चढवून केलेलं इंजिन, तीन उघडे डबे आणि खाणीतून आणलेल्या जुन्या बारक्या रुळांचा एक वेढा. पावसाळ्यापासून ती गंजत पडे. मुलांच्या परीक्षा संपत आल्या की हे सगळे म्हातारे फुकट राबायला तिथे जमत आणि मेच्या सुट्टीसाठी ती उभी करत. साडेतीनशे पावलांचा तो वेढा, पण कारभार सगळ्या डिव्हिजनचा. इंजिनाला तेल घालायचं तरी रजिस्टरात नोंद. एकदा एक बकरी रुळावर बसली, तर तिला हाकलायच्या आधी लाल झेंडा दाखवून रीतसर चौकशी झाली. बकरी तोवर कंटाळून निघून गेली.

नियम असा होता की इंजिन रुळावर चढवण्याआधी एक डबा हाताने ढकलून पाहणी करायची. डब्यात पुढे बसायचे पंडित साहेब. हे नानांचे शेवटचे साहेब, नानांनी नऊ वर्षं ढकललेले. आणि ढकलायचं कोणी? हे विचारायचीही गरज कोणाला वाटली नव्हती. तीन वर्षं नाना बागेतही त्याच पाठीमागे पळत होते.

एक्क्याण्णव सालच्या एप्रिलात बेबाबाईचा पारा चढला.

"पगार व्हता तवय ठीक व्हतं," ती म्हणाली. "आते त्या माणूसले फुकट ढकलस का? औंदा पुढे बसशी तवयच घर ये!"

नाना बाहेर शूर आणि घरात गरीब. धुतलेली टोपी घालून ते बागेत गेले खरे, पण साहेबांपुढे तोंड उघडेना. साहेब वही घेऊन डब्याकडे निघाले, तसे नाना सवयीने मागे जाऊन उभे राहिले. जेवण गेलं म्हणायचं आजचं.

तेवढ्यात अभिमन ड्रायव्हर मध्ये पडला. हा फैजपूरकडचा, आडदांड, कोळशाच्या इंजिनावर केस पांढरे केलेला आणि बोलायला कोणाच्या बापाला न भिणारा. त्याच्या बायकोने त्याला सगळं सांगून पाठवलं होतं.

"ओ साहेब, औंदा नानाले पुढे बसू द्या. मी ढकलतो."

पंडित साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोक्यात ही गोष्ट कधी शिरलीच नव्हती, एवढंच. "पण पाहणीची सही कोण करणार?" त्यांनी विचारलं.

"सही तुम्ही करा. बूड नानाचं राहू द्या."

सगळे हसले. साहेबही हसले आणि बाजूला झाले. नाना बाकावर बसले. धोतर सावरलं, टोपी सारखी केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. अभिमनने जोर लावला, चाकं कुरकुरली, डबा हलला. दहा पावलं जातो न जातो तोच अभिमनला शेजारी कोणीतरी धापा टाकताना ऐकू आलं. बघतो तर नाना. रिकामा डबा ढकलत होते.

"नाना! तुम्ही डब्यात पाहिजे होते ना?"

"चाक हाललं का पाय खाले उतरतस. माले काय माहीत!"

पुन्हा बसवलं. या वेळी पंधरा पावलं. पुन्हा नाना खाली. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी बाक गच्च धरला, तरी चढ आला तसे उतरलेच. बघे पोट धरून हसत होते. नानाही हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. ज्यासाठी जन्म काढला ते पुढ्यात आलं होतं आणि आपलेच पाय आपल्याला बसू देत नव्हते. आता या वयात पायांना काय शिव्या देणार?

"साहेब, ऱ्हावू द्या. पायच ऐकत नही," ते म्हणाले.

 पंडित साहेबांनी वही अभिमनच्या हातात दिली आणि डब्यामागे जाऊन उभे राहिले.

"सुपडू, बस. मी ढकलणार आहे. वेढा पुरा होईपर्यंत खाली उतरायचं नाही. हुकूम आहे."

नाना झटकन बसले. बत्तीस वर्षांत त्यांनी साहेबाचा हुकूम मोडला नव्हता, तो आता तरी कसा मोडणार! पायांनाही ते कळलं असावं, कारण ते मुकाट फळीवर टेकून राहिले.

साहेबांचा बूट पहिल्याच पावलाला रुळावरून सटकला. मध्ये सगळी टोकदार खडी, पाय टाकायला रुळाशिवाय जागा नाही.

"बूट काढा साहेब," नाना पुढे बघतच म्हणाले. "टाच टेकू नका. चवड्यावर चाला."

साहेबांनी बूट काढले, मोजे काढले आणि ढकलू लागले. डबा कडुनिंबाच्या सावलीतून बाहेर आला. नानांच्या समोर कोणी नव्हतं. पाठ नाही, छत्री नाही, मान नाही. नुसते दोन रूळ पायांपासून निघून मेंदीच्या कुंपणाकडे वळत गेलेले. नानांना फार आनंद झाला. इतका की तो कसा करावा हेच त्यांना सुचेना, म्हणून ते ताठ बसून राहिले.

"काय दिसतं रे?" मागून साहेबांनी धापा टाकत विचारलं.

"बठ्ठं दिखस, साहेब. बठ्ठं." आणि खरंच सगळं दिसत होतं.

अर्धा वेढा झाला. सकाळचे अकरा वाजून गेले होते, एप्रिलातलं भुसावळचं ऊन. डबा एकाएकी थांबला. नानांनी मान वळवली. साहेब एका पायावर उभे होते, दुसरा हातात धरून, तोंड वेडंवाकडं करून.

"सुपडू, रूळ तापतो रे."

"हां साहेब. तापस."

"आणि तू मे महिन्यात पळायचास? याच्यावरून?"

"ट्रॉली तर मे महिन्यामाबी निंघे."

साहेबांनी पाय खाली टेकवला, पुन्हा उचलला. "नऊ वर्षं माझ्या मागे होतास. एकदाही बोलला नाहीस?"

नानांच्या आवाजात राग नव्हता. विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

"तुम्ही कधी इचारंच नही."

अभिमन बूट घेऊन धावत आला. साहेबांनी ते हाताने बाजूला सारले, डब्याला दोन्ही हात लावले आणि उरलेला अर्धा वेढा अनवाणीच ढकलला.