झुलेखाबी आमच्या घरात होती

"बायकोच्या हट्टापायी घर बसलं याचं," टेम्पोच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"हळू बोल. पोरगी उभी हाय तिथं."

"ती? इंग्रजी शाळेतली ती. तिला कुठं तोंड हाय?"

मी गाद्यांच्या वळकटीला टेकून उभी होते. बाबा दोर आवळत होते, त्यांनाही ऐकू गेलं असावं. त्यांनी दोर आणखी आवळला. आई आधीच पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन, समोर बघत. निरोप द्यायला आळीतली माणसं आली होती, पण टेम्पोजवळ कुणी येत नव्हतं. मोरेश्वरकाका, बाबांचे धाकटे भाऊ, आलेच नाहीत. भिवंडी आम्ही अशी सोडली, सत्तर सालच्या जूनमध्ये. मी तेव्हा सोळा वर्षांची होते.

तुम्हा भिवंडीकरांपैकी जे तिथंच राहिले त्यांना हे माहीत आहे, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांनी दुसरंच काहीतरी ऐकलं असेल. म्हणून लिहिते.

आमचा कारखाना घरासमोरच होता, मधे फक्त गल्ली. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि आठ लूम, विजेवर चालणारे माग. आजोबांची खाडीकाठची भातशेती होती. बाबांनी शेती काकांवर सोपवून लूम घातले. मी कल्याणच्या कॉन्व्हेंटला एसटीनं जायची. शाळेत बोलायचं ते इंग्रजीतून, आणि माझं चुकेल या भीतीनं मी बोलतच नसे. घरी आले की सरळ कारखान्यात. तिथल्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे. सगळे ओठांनी आणि हातांनी बोलत. चहा सांगायचा, धागा तुटल्याचं दाखवायचं, एखाद्याची थट्टा करायची, सगळं आवाजाशिवाय. मला ती भाषा छान यायची. झुलेखाबी म्हणायची, "हमारी बेबी बोलती नहीं, पर सब सुनती है."

झुलेखाबी आमच्याकडे कांडी भरायची. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ती रहाटावर भरायची असते. तिचा नवरा यासीन त्याच कांड्या आपल्या लूमवर चालवायचा. कारखान्यामागच्या खोलीत ती दोघं आणि त्यांची चार वर्षांची नसीम राहत.

मे महिन्यात दंगल सुरू झाली त्या सकाळी यासीन दुसऱ्या मोहल्ल्यात भावाला बघायला गेला होता. तो परत आला नाही. दुपारी धूर दिसू लागला तेव्हा आई गल्ली ओलांडून गेली आणि झुलेखाबीला आणि नसीमला घेऊन आली. बाबा म्हणाले, "अगं, कुणी बघितलं म्हणजे?" आई म्हणाली, "बघू देत. आपल्याकडं कामाला हाय ती. दुसरीकडं कुठं जाईल?" भात साठवायच्या कोठीच्या खोलीत तिनं त्यांच्यासाठी चटई घातली.

कर्फ्यू लागला आणि गावातले सगळे लूम बंद पडले. भिवंडीत जन्मलेल्या माणसाला ती शांतता कळत नाही. पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याचे पाय ऐकू यायला लागले. आम्हा लूमवाल्यांना हळू बोलता येत नाही. जन्मभर खडखडाटावर आवाज चढवायची सवय, कुजबुज म्हणून जे करतो तेही शेजारी ऐकू जातं. म्हणून झुलेखाबी आणि मी ओठांनीच बोलायचो. ती सारखं एकच विचारायची, यासीन दिसला का. मी नाही अशी मान हलवायची.

दुसऱ्या दिवशी तिचे हात थांबेनात. कोठीत एक जुना रहाट होता आणि सूतही होतं. ती कांडी भरायला बसली. आईनं तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "वो आएँगे तो माल तैयार मिलना चाहिए." तिला थांबवायचं आईच्या जिवावर आलं.

थोड्या वेळानं कर्फ्यू तासभर उठला आणि काका दूध घेऊन आले. तीन घरं सोडून राहायचे ते. आई ओटीवर भाकरीचं पीठ मळत होती. आतून रहाटाचा घर्र घर्र आवाज येत होता. आई, बाबा आणि मी, आम्हा तिघांना त्या आवाजाची इतकी सवय होती की तो थांबवायला हवा हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

काका ऐकत उभे राहिले. "कांडी कोण भरतंय?"

"मीच भरत होते," आई म्हणाली. "आताच उठले."

रहाट चालूच होता. काकांनी आईच्या मनगटापर्यंत पिठात भरलेल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कांडी भरणं हे कामगारांच्या बायकांचं काम. मालकाच्या घरात ते कुणालाच येत नव्हतं, आणि काकांना ते ठाऊक होतं.

आईनं हात परातीतून बाहेर काढले. "झुलेखा हाय आत. तिची पोर हाय. आता तुला समजलं, मोरू. करायचं ते कर."

"वहिनी, सगळं गाव पेटलंय आणि तू यांना घरात घेतेस?"

"गाव पेटलंय म्हणूनच घेतलं. एरवी ती तिच्या खोलीत होती की."

काकांनी दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि गेले. संध्याकाळी, ऊन अजून भिंतीवर असताना, कर्फ्यू मोडून ते परत आले. बरोबर आळीतली दहाबारा माणसं होती. त्यातल्या बहुतेकांनी आमच्याकडे पूजेला जेवणं केलेली.

आई उंबरठ्यावर बसली. आडवी, पाठ एका चौकटीला आणि पाय दुसऱ्या चौकटीला. "ज्याला आत जायचं असेल त्यानं मला ओलांडून जावं. मोरू, तू आधी."

आमच्यात झोपलेल्या लेकरालाही ओलांडत नाहीत, तो तर वहिनीचा देह. आई लग्न होऊन आली तेव्हा काका सात वर्षांचे होते. तिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं होतं. ते उंबऱ्यासमोर उभे राहिले. मागून कुणी तरी म्हणालं, "उचला हिला." पण काका तिथं असताना तिच्या अंगाला हात लावायला कुणी पुढं झालं नाही. बाबा आईच्या मागे उभे होते. त्यांचा हात चौकटीवर होता. ते तिथून हलले नाहीत.

मग काका वळले. मी खिडकीत होते. कारखान्याची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांनी कुलूप फोडलं नाही, उघडलं. रॉकेल दुसऱ्यांनी आणलं होतं. सूत कसं पेटतं ते मी तेव्हा पाहिलं. मी कोठीत गेले तर झुलेखाबीला जळाल्याचा वास आला होता. नसीमचं तोंड छातीशी धरून ती ओठांनी म्हणाली, "हमारा कारखाना?"

मी हो म्हटलं.

सकाळी मिलिटरीच्या गाडीतून त्या दोघींना दंगलग्रस्तांच्या छावणीत नेलं. भरलेल्या कांड्या तिनं टोपलीत ओळीनं लावून ठेवल्या होत्या. यासीनचा शोध लागला नाही. पुढे ऐकलं, ती मालेगावला आईकडे गेली. त्याहून जास्त मला आजही माहीत नाही.

पोलिसांना बाबा म्हणाले, "आम्ही घरात होतो. कोण होतं ते दिसलं नाही." आठवड्याभरात गोष्ट तयार झाली, आणि ती सगळ्यांच्याच सोयीची होती. वहिनीनं ज्यांना घरात घेतलं त्यांनीच खबर दिली आणि त्यांच्याच लोकांनी कारखाना जाळला, अशी. नळावर बायका आईला ऐकवायच्या, "कुणाला दूध पाजलंस बघ." आई हंडा भरून यायची. तू सांगत का नाहीस, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांना भाऊ एकच हाय."

पुण्याला येऊन आता आठ वर्षं झाली. दोन खोल्यांचा ब्लॉक आहे, गॅलरीत तुळस आहे. बाबा दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजतात. मी एका ऑफिसात टायपिस्ट आहे. सुरुवातीला आमचं साधं बोलणं ऐकून शेजारच्या काकू विचारायच्या, काही भांडण झालं का. आता आम्ही हळू बोलायला शिकलो आहोत. आई 'आहे' आणि 'नाही' म्हणते, जपून, पाहुण्यांसमोर. मला कितीतरी दिवस शांततेत झोप लागायची नाही. खडखडाट थांबला की काहीतरी वाईट होतं, एवढंच माझ्या अंगाला ठाऊक होतं.

घर कुठलं असं कुणी विचारलं की मी भिवंडी सांगते. तिथं आता माझं काही नाही, पत्र्याच्या शेडच्या जागी कुणाचं तरी गोदाम आहे म्हणे. तरी सांगते. कारण एका संध्याकाळी ते घर खरोखर घर होतं, आत आलेल्या माणसाला तिथून कुणी बाहेर काढू शकलं नाही. ते जिनं केलं तिलाच लोक वेडी म्हणत राहिले, आणि आम्ही ऐकत राहिलो.

गेल्या महिन्यात मला बघायला माणसं आली. मुलगा बँकेत आहे, स्थळ चांगलं होतं, बाबांनी त्यासाठी वर्षभर खेपा घातल्या होत्या. वडीलधारं कुणी तरी हवं म्हणून काका भिवंडीहून आले. केस पिकलेत त्यांचे. आल्या आल्या ते आईच्या पाया पडले, आणि तिनंही त्यांना पाणी दिलं.

मुलाच्या वडिलांनी बाबांना विचारलं, "स्वतःचा कारखाना होता म्हणता, मग सोडून का आलात?"

बाबांनी काकांकडे पाहिलं. काका सराईतपणे सांगू लागले. "आमची वहिनी भोळी. सत्तर साली एका बाईला घरात घेतलं, आणि त्या बाईच्याच लोकांनी—" मुलाची आई च्‌ च्‌ करत म्हणाली, "दया करायची पण माणूस बघून करावी हो." आई पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं मान खाली घातली आणि बशा मांडायला लागली. त्या मांडतानाचे तिचे हात मी पाहत होते.

"मुलगी काहीच बोलत नाही," मुलाचे वडील हसून म्हणाले. "कॉन्व्हेंटची ना? बोल की काहीतरी. इंग्रजीत बोल हवं तर."

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी अगदी थोडी मान हलवली, नको अशी. ओठांनीच म्हणाले, बाय, नको. मला ते स्पष्ट वाचता आलं. मी आईकडे पाहिलं. मग भिवंडीत बोलायचे तशा आवाजात, शेजारच्या ब्लॉकमध्येही ऐकू जाईल अशा, मी म्हणाले,

"कारखाना झुलेखाबीच्या लोकांनी जाळला न्हाय. आईनं तिला बाहेर काढून दिलं न्हाय, म्हणून काकांनी जाळला."