स्क्वॉड्रनमधलं माझं पहिलं ब्रीफिंग

हेलिकॉप्टर स्क्वॉड्रनमध्ये मी सगळ्यांत नवी पायलट होते. सकाळच्या ब्रीफिंगला इंग्रजीत हवामान सांगायचं काम नव्या माणसाचं. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर माझी बोबडी वळली.

संध्याकाळी आमच्या गावी, नेरला, अब्बांना फोन लावला. ते ट्रॅक्टर दुरुस्त करतात. म्हणाले, "मलेच सांग बेटा. इंग्रजी नाही समजत, पण तू अडखळली तं समजते."

मी ढग, वारा, धुकं पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी ते म्हणाले, "आता गाडी बराबर चालून राह्यली."

दुसऱ्या सकाळी मी न थांबता बोलले. मध्येच आलेल्या प्रश्नांनाही उत्तरं दिली. कमांडिंग ऑफिसर उठून म्हणाले, "चलो, आज मेरे साथ तुम उड़ोगी."

जमीन सुटली तेव्हा रेडिओवर माझा आवाज खणखणीत होता.