उद्यापासून पेज बंद

आमची आई हर्णेच्या बंदरावर मासळी विकायची. संध्याकाळच्या लिलावात तिचा आवाज चढला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. ऐंशीच्या दशकात अशा बाईच्या आतड्यात एक कोंब निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी मागच्या वाटेने नळी घालून तो काढला. म्हणाले, "कॅन्सर नाही, पण असे कोंब तसेच ठेवले तर पुढे होऊ शकतो. वर्षाने परत तपासायला या."

वर्षाने तिला काहीच होत नव्हतं. दुखत नसताना डॉक्टरकडे जाणं म्हणजे आमच्या वाडीत शुद्ध खूळ. तरी आई मुंबईला, माझ्या खोलीवर आली. आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायचं होतं, म्हणून ती पोटभर पेज प्यायली. आमच्याकडे पेज पितात, खात नाहीत. मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. नळी घातली तर आत जिकडेतिकडे भाताची शितं. डॉक्टर भयंकर वैतागले.

आई मात्र हटली नाही. कोऱ्या चहावर आणि जुलाबाच्या औषधावर दिवस काढून ती पुन्हा त्या टेबलावर चढली. या वेळी आणखी एक बारीक कोंब सापडला, तोही काढला. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला? तिचे वडील आतड्याच्या कॅन्सरनेच गेले होते. "मग तुमच्या भावंडांनाही धोका आहे. कोणाला रक्त पडतं का?"

रक्त पडत होतं तिच्या भावाला. माझा मामा कित्येक महिने मूळव्याध समजून झाडपाला खात होता.

आम्ही गावी येऊन त्याला तपासून घे म्हटल्यावर मामा आम्हाला टाळू लागला. आम्ही घरी गेलो की तो होडीवर, होडीवर गेलो की घरी. शेवटी आईने त्याला ऐन लिलावात गाठलं.

"दादा, मी नळी घालून घेतली, मेले नाय. आता तुझी पाळी. बाप आपला एकच होता."

सगळं बंदर ऐकत होतं. पुरुषांत हशा पिकला, मामाने मान खाली घातली. असल्या गोष्टी आमच्याकडे नवऱ्याच्याही कानात सांगत नाहीत. मला आईचा इतका अभिमान वाटला की हसणाऱ्या एकेकाला धरून दाखवावंसं वाटलं, बघा, ही माझी आई.

मामा मुंबईला आला. तपासणीच्या आदल्या दिवशी आईने खोलीत भात शिजवलाच नाही. त्याचं मन चळू नये म्हणून स्वतःही उपाशी राहिली. त्याचा कोंब चांगलाच मोठा निघाला. तो काढून डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

पुढल्या वर्षी मामा भर लिलावात उभा राहिला आणि आईला मोठ्याने म्हणाला, "बाय, आपली नळीची वेळ झाली. उद्यापासून पेज बंद."

या वेळी कोणी हसलं नाही. दोघंजण मात्र नंतर हळूच आईकडे आले, त्या डॉक्टरचा पत्ता विचारायला.