बोटभर आखूड दार

सुतारकाकांच्या हातात रंधा आला की वाकडं लाकूडही मुकाट सरळ होई. पण पाठीमागे कुणी येऊन उभं राहिलं, की तेच हात थरथरायला लागत. हा त्यांच्या वडिलांचा प्रसाद. थोरले सुतार पाठीशी उभं राहून काम शिकवायचे, आणि चूक दिसली की त्यांच्याआधी फूटपट्टी बोलायची. काका त्यातून काम शिकले, हे खरं. त्याहून चांगलं शिकले ते चूक लपवायला. भुसा आणि डिंक कालवून बुजवलेल्या फटी पुढे त्यांच्या त्यांनाही सापडत नसत!

त्यांच्या मुलीने, चिमणीने, करवत मागितली तेव्हा काकांनी एकच केलं. ती कापायला बसली की ते चहा ठेवायला जात. तल्लफ नसली तरी जात. "पोरगी डोक्यावर मिरे वाटेल," काकू म्हणायच्या. वाटू दे! आपल्याला जे मिळालं नाही ते पोटच्या पोरीला देणं खायचं काम नाही.

चिमणी मोठी झाली आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याचं पहिलं दार तिने एकटीने केलं. ते जमलं तर बाकीची दारंही तिलाच मिळणार होती. दार चौकटीत उभं केलं, आणि खाली बोटभर फट! फरशीची जाडी मापातून दोनदा वजा झाली होती. तेवढ्यात बाई आल्या. काकांच्या पाचावर धारण बसली.

"खाली पट्टी ठोकू, रंगात कळणार नाही," ते कुजबुजले. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

चिमणीने हातोडी खाली ठेवली. "डॉक्टर, दार आखूड झालंय. चुकलं माझं. नवीन करून देते, पण थोडं थांबावं लागेल."

ना रडू, ना माज. पाणी मागावं तसं म्हणाली. काका तिच्याकडे बघतच राहिले.

"माप मी दिलं होतं," ते एकदम बोलले. "फरशी मी आधीच वजा केली होती. हिला सांगायचंच राहिलं." असलं वाक्य त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा बाहेर पडत होतं.

बाई हसल्या. "माझ्याकडे येणारा एकही माणूस गोड खाल्लेलं कबूल करत नाही. बाकीची दारंही तुम्हीच करा."

दुसऱ्या दिवशी काका नव्या फळीवर माप आखत होते. चिमणी पाठीमागे येऊन उभी राहिली.

"बाबा, फरशी वजा केलीत?"

"नाही केली. तू कर," काका म्हणाले, आणि रेघ ओढत राहिले. रेघ सरळ आली.