आईला डाकीण म्हणत, तो उन्हाळा

माझ्या आईला गाव डाकीण म्हणायचं.

ती दवाखान्यात ड्यूटी करायची, रविवारी चर्चला जायची. तरी म्हणायचं.

आज तिला जाऊन एकतीस वर्षं झाली. दर वर्षी मी तिचा फोटो टाकते आणि गप्प राहते. या वेळी लिहिते, कारण मीही आता ऐंशी पार केलीय.

आई म्हणजे एस्तेरबाई. शहाद्याजवळच्या एका गावात मिशनचा छोटा दवाखाना होता, तिथली नर्स. वडील तिथेच कंपाउंडर. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकी सगळं आईवर.

सकाळी बाळंतिणी, मग ड्रेसिंग, मग विहिरींत जंतू मारायचं लाल औषध टाकायला पायी वणवण. घरी आठ महिन्यांची मी.

या धावपळीत तिचा एकच नेम. दुपारी बारा वाजता औषधांच्या खोलीत जायचं, दार लावायचं, पंधरा मिनिटं बसायचं. बायबल मिटलेलं. ओठ हलायचे नाहीत.

वडील विचारायचे, "प्रार्थना करतेस की डुलकी काढतेस?"

"मागून मागून थकले. आता नुसती त्याच्यासमोर बसते."

हल्ली याला मेडिटेशन म्हणतात. त्याची ॲप्स मिळतात. तेव्हा गावाने वेगळं नाव ठेवलं.

चाळीसच्या दशकातला तो उन्हाळा. पटकी आली, म्हणजे कॉलरा.

आधी नदीपलीकडे. मग खालच्या आळीत. मग आमच्या व्हरांड्यात.

गाड्या भरभरून पेशंट येत होते. जंतू मरावेत म्हणून टाकलेल्या चुन्याचा वास घरातल्या भाकरीलाही लागला होता, असं वडील सांगायचे. ही सगळी हकिगत त्यांचीच. आई याबद्दल एकदाच बोलली.

करीम पिंजारी बायकोला घेऊन आला. हमिदाबी. आईने तिला मिठाचं पाणी चढवलं, नाडी बघितली. जरा बरी वाटली. बारा वाजले. आई आत गेली.

दार उघडलं तेव्हा हमिदाबी गेलेली होती.

करीम विहिरीवर गेला होता. वडील मागे पाणी उकळत होते. तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आणखी एक जण गेला.

तिसऱ्या दिवशी बाजारात कुजबुज. मिशनची बाई दार लावून एकेकाचं नाव घेते. ज्याचं घेते, तो जातो. विहिरीत लाल पाणी तीच सोडते.

गाड्या अर्ध्या वाटेतून परत फिरायला लागल्या. माणसं घरातच मरू लागली. व्हरांडा रिकामा झाला, आणि त्या रिकाम्या व्हरांड्याचीच आईला जास्त धास्ती वाटायची.

शेजारणीने मला मांडीवर घेणं बंद केलं.

आणि करीम रोज दुपारी यायला लागला. समोरच्या बाभळीखाली उभा राहायचा, बंद दाराकडे बघत. दार उघडलं की निघून जायचा. 

तीन दिवस एकटा. चौथ्या दिवशी बरोबर दोघं. मग सात-आठ.

"हे बसणं बंद कर," वडील म्हणाले. "पोरगी लहान आहे आपली."

आईने बंद केलं. दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी तिने, तरीही आलेल्या एका म्हाताऱ्याला पेल्यात औषध दिलं. बाटली चुकली होती. ते बाहेरून लावायचं औषध होतं. वडिलांनी पेला त्याच्या ओठांपासून ओढून घेतला.



"मला भीतीशिवाय दुसरं काही सुचत नाहीये," ती म्हणाली. "अशीच राहिले तर खरंच कुणाला तरी मारेन."

तिसऱ्या दिवशी बारा वाजता ती बसली. खोलीत नाही. व्हरांड्यात, खाली फरशीवर, सगळ्यांना दिसेल अशी.

बाभळीखाली त्या दिवशी वीसेक माणसं होती. काहींच्या हातात काठ्या. वडील मला घेऊन मागच्या दारात उभे. पळायची वेळ आली तर म्हणून.

करीम पायऱ्या चढून वर आला.

"बाई, मन्ही हमिदा गयी तव्हय तुम्हीन कोठे व्हतात?"

आईने डोळे उघडले. "आत होते. दार लावून देवासमोर बसले होते."

"तिन्हं नाव लिधं का?"

वडील म्हणायचे, मी मनात घोकत होतो, नाही म्हण, नाही म्हण.

"हो," आई म्हणाली. "घेतलं. त्या दिवशी पुन्हा मागितलं, ती जगावी म्हणून."

बाभळीखालची माणसं पुढे सरकली.

"मंग तुम्हना देव काय बोलना?"

"काही नाही बोलला."

मग म्हणाली, "तेव्हा मी तिच्याजवळ असायला हवं होतं, करीमभाई. हे मला रोज टोचतं."

करीम मग आईच्या समोर उकिडवा बसला. खालून कुणीतरी त्याला हाक मारली. तो उठला नाही.

पंधरा मिनिटं दोघं तशीच. माणसं हळूहळू पांगली.

दुसऱ्या दिवशी एक गाडी आली. करीमच हाकत होता. आत त्याची बहीण.

ती वाचली. त्यानंतर गाड्या येत राहिल्या. सगळेच पेशंट वाचले नाहीत.

'डाकीण' हा शब्दही गेला नाही. मी शाळेत जायला लागले तरी बाजारात काही बायका आईला बघून पोरांना पदराआड घ्यायच्या.

कॉलेजात असताना मी तिला विचारलं होतं. "देव काहीच बोलला नाही, तरी तुझा विश्वास टिकला कसा?"

आई म्हणाली, "मी किती भित्री, तुझ्या वडिलांना विचार. त्या माणसांसमोर 'नाही' म्हटलं असतं तर सुटले असते. तोंडातून 'हो' आलं. ते बळ माझं नव्हतं, बाळ. कुणाचं होतं, ते मला माहीत आहे."

एवढंच बोलली, आणि ड्यूटीवर गेली.

आई, सलाम.