नवव्या अध्यायात अडकलेली बायको

माझ्या कादंबरीतल्या गुप्तहेरानं स्वतःच्या बायकोला तुरुंगात धाडलं, आणि त्यामुळं माझी बायको माहेरी अडकून पडली.

गोदावरी पहिल्या बाळंतपणाला सोनारीला गेली, तेव्हा मी उमरग्याच्या तहसिलीत कारकून होतो. दफ्तर नुकतंच उर्दूतून मराठीत आलं होतं. घरात ती सारखी हसायची. दूध उतू गेलं तरी हसायची. ती गेली आणि घर असं मुकं झालं, की मी कचेरीतून मुद्दाम उशिरा निघू लागलो. खरं सांगतो, मला मुळीच करमत नव्हतं. त्या एकटेपणातच कादंबरी लिहिली. काळ पन्नास वर्षांनंतरचा. गाव असं, की हसायलासुद्धा सरकारी परवाना लागतो. चोरून हसणाऱ्यांना पकडणारा गुप्तहेर हा माझा नायक. भित्रा, खोटारडा, वर तपकिरीचा नादी. (निर्दोष नायक काय, कुणीही लिहील, असं मला तेव्हा वाटायचं.) नवव्या प्रकरणात तो चुलीपुढं हसणाऱ्या बायकोचं नाव वर कळवतो.

सोलापूरच्या एका छापखान्यातून पुस्तकं आली. पहिली प्रत शेजारच्या चाँदभाई शिंप्यांना दिली. ते रोज संध्याकाळी माझ्याकडं चहाला यायचे. चार दिवसांनी त्यांनी दारातूनच पुस्तक परत केलं.

"किताब लई झकास है, साहेब. पण आजपासून चहा नको."

"का हो?"

"आपल्याला हसायची खोड. तुमी लिहून ठेवता."

झालं! संध्याकाळही गेली.

दुसरी प्रत सासऱ्यांना धाडली, ही तर घोडचूक. मामांनी उभ्या जन्मात पोथीशिवाय काही वाचलं नव्हतं. तेव्हा हे पुस्तकही त्यांनी पोथीसारखंच लावलं. पाटावर ठेवून, हळदकुंकू वाहून, दर रविवारी एक अध्याय, आणि ऐकायला सगळी आळी. बाळ पाच महिन्यांचं झालं, न्यायला येतो म्हणून मी कळवलं, तर मामांचं पत्र आलं: "नववा अध्याय ऐकला. बायका रडल्या. पोथी चालू असता लेक धाडत नाही. अजून तीन अध्याय आहेत. पुढे आपण कसे निघता ते पाहून ठरवू."

आपण! म्हणजे मी!

मी उलटटपाली लिहिलं, की अकराव्यात तो सुधारतो, बायकोला सोडवतो. उत्तर आलं: "पोथीतले पुढचे आधी सांगू नये. दोष लागतो."

मुकाट्यानं दिवस काढले. शेवटच्या रविवारी सकाळी भाकरी थापताना मला बाराव्या अध्यायाचा शेवट आठवला आणि तव्यावरची भाकरी करपली. सुटलेली बायको नवऱ्याकडं वळूनही न पाहता बापाच्या घरी निघून जाते. करुण शेवट उच्च दर्जाचा असतो, म्हणून मी तो खास तसा केला होता.

एसट्या बदलत दिवेलागणीला सोनारी गाठली. ओसरी माणसांनी भरलेली. मामा शेवटच्या पानावर आले होते.

"मामा, थांबा. शेवट चुकलाय, मी बदलून देतो."

"छापलेली पोथी बदलत्यात व्हय, जावईबापू?" असं म्हणून त्यांनी खणखणीत आवाजात ते पान संपवलं. सगळ्यांनी पुस्तकाला नमस्कार केला. एका म्हातारीनं मला निरखून विचारलं, "ह्योच का त्यो?"

"ह्योच," मामा म्हणाले.

पोराला मी बारशाला एकदाच पाहिलं होतं. आता पुन्हा त्या मुक्या घरात एकट्यानंच शिरायचं होतं.

तेवढ्यात गोदावरी डोळे चोळत आतून आली. खांद्यावर झोपलेलं बाळ, हातात बांधलेलं गाठोडं.

"गोदे, समदी पोथी ऐकलीस, तरी जातीस?" मामांनी विचारलं.

"कुठली ऐकतीय, आबा? तुमी वाचाया लागला की बाळ झोपायचं, अन् त्याच्यासंगं म्या." मग माझ्याकडं पाहून ती खळखळून हसली. "तेवढं पुस्तक घ्या बरोबर. कशानंच न्हाय निजत हे, त्यानंच निजतंय."

पुढं वर्षभर मी रोज बाळाला माझी कादंबरी वाचून दाखवली. ते तिसऱ्या पानापुढं कधी गेलं नाही, आणि मी पाचव्या.