पयले काया

बायको गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी अंगठ्याच्या पेराएवढं एक बाहुलं रंगवायला घेतलं. वय एकसष्ट, चष्म्याचा नंबर वाढलेला, आणि ब्रश हातात धरल्याचा अनुभव म्हणाल तर दिवाळीला खिडकीच्या गजांना रंग देण्यापुरता. छंद लावून घ्यावा असं माझं वयही नव्हतं आणि स्वभावही नव्हता. पण ते एकच बाहुलं उरलं होतं आणि ते रंगवणारी गेली होती.

ही सगळी बाहुली आमच्या कळसाडीच्या घरात आली ती लेकीमुळे. ती नवापूरला असते, जावई तिथे पोल्ट्रीत नोकरीला आहेत. मागच्या पावसाळ्यात बायकोच्या पोटातली गाठ काढली आणि डॉक्टरांनी जड काम बंद केलं. ही बाई आयुष्यात कधी रिकामी बसली नव्हती. बसल्या बसल्या ती माझ्यावर, भिंतींवर, कॅलेंडरवर चिडायला लागली. तेव्हा लेकीनं कुरिअरनं एक खोकं पाठवलं. त्यात करड्या प्लास्टिकची सहा बाहुली, रंगांच्या चिमुकल्या बाटल्या आणि तीन ब्रश. कुठल्याशा परदेशी बाजारातली माणसं होती ती. बादलीवाली बाई, काठीवाला म्हातारा, पाववाला, शिपाई, मेंढ्या राखणारी पोर, आणि उघडं पुस्तक हातात धरून उभा असलेला एक माणूस. कसं रंगवायचं ते शिकवणारे हिंदी व्हिडिओ लेकीनं फोनवर लावून दिले.

"आता या वयात बाहुल्या खेळणार तू?" मी म्हणालो.

"खेयसू," ती म्हणाली. "तुम्हले काय व्हस?"

"खेयसू नाही, खेळेन."

चौतीस वर्षं मी हेच करत आलो होतो. शहाद्याच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचो. आमच्याकडे घरोघरी अहिराणी. तीत ळ म्हणून नाहीच, त्याच्या जागी य. डोळ्याचा डोया, फळाचं फय. बायको कोरीट गावची, लहानपणापासून तेच बोललेली. लग्न झाल्यावर मी ठरवून टाकलं की घरात शुद्ध बोलायचं, नाहीतर पुढे मुलांचे मार्क जातात. मुलं कसली, एकच लेक झाली. त्या दोघी स्वयंपाकघरात भरभरून अहिराणी बोलायच्या आणि दारात माझ्या चपला वाजल्या की गप्प व्हायच्या. वर्गात सर आल्यावर होतात तशा. मला तेव्हा त्यात माझा दरारा दिसायचा. आता लाज वाटते.

तर हिनं रंगवायला सुरुवात केली. बाहुल्याचे पाय बाटलीच्या बुचाला डिंकानं चिकटवायचे, बूच डाव्या हातात धरायचं आणि उजव्या हातानं रंग द्यायचा. बादलीवालीला तिनं हिरवं लुगडं दिलं, त्याला केसाएवढा लाल काठ. काठीवाल्या म्हाताऱ्याला पांढरी टोपी. शिपायाच्या मिशा इतक्या झोकदार काढल्या की तो परदेशी राहिलाच नाही. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, खराट्याच्या काडीच्या टोकानं, श्वास रोखून. मी समोर पेपर वाचत बसलेला असायचो. हे तू कसं करतेस, असं मी तिला एकदाही विचारलं नाही. एकदाही नाही.

पाच झाली. पुस्तकवाला राहिला.

"हाऊ मास्तर शे," ती त्याला बोटांत फिरवत म्हणाली. "येले शेवट करसू."

संक्रांतीनंतर तिनं अंथरूण धरलं, दवाखान्यात नेलं आणि आठ दिवसांत ती गेली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि गेलेली माणसंही येतात, म्हणजे त्यांच्या नावानं घागर भरायची, नैवेद्य दाखवायचा. यंदा पहिल्यांदा तिच्या नावाची घागर भरायची होती. लेक फोनवर म्हणाली होती, "पप्पा, आखाजीनंतर आईची बाहुली मी घेऊन जाईन. काचेच्या कपाटात ठेवीन." मी हो म्हणालो आणि मग कपाटावरच्या त्या पाचांकडे आणि सहाव्या करड्या मास्तरकडे बघत बसलो. हिनं हौसेनं केलेली आयुष्यातली एकच गोष्ट, ती तरी अर्धवट जाऊ नये. आखाजीच्या आत मास्तर पूर्ण करायचा, अगदी तिनं केला असता तसा, असं मी मनाशी ठरवलं.

वही त्याच सुमारास सापडली. शेवयांचा डबा काढायला गेलो तर डब्याखाली शाळेची शंभर पानी वही. व्हिडिओ बघून बघून हिनं त्यात लिहून ठेवलं होतं, एकेका बाहुल्याला एकेक पान. लिहिलेल्या शेवटच्या पानावर मास्तर होता.

"मास्तर. पयले काया. पातय हात दे. वायू दे. मंग कुडता धवया. डोया शेवट."

लाल पेन माझ्या खिशात असतंच. निवृत्तीनंतरही ते गेलेलं नाही. मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. पयलेचं पहिले केलं. पातयचं पातळ केलं. वायूचं वाळू, मंगचं मग, धवयाचं पांढरा, डोयाचं डोळे. मुद्दाम नाही हो, हात आपसूक गेला. आणि एक शब्द मात्र मला बरोबर सापडला. काया. शरीराला काया म्हणणारी माझी बायको! म्हटलं, इतक्या वर्षांत काहीतरी रुजलं म्हणायचं. पहिल्यांदा अंग रंगवायचं, मग कपडे, असा सरळ अर्थ लागत होता. मी समासात त्या शब्दापुढे बरोबरची खूण केली. खूण करताना मला रडू आलं, तेही सांगून टाकतो.

सकाळी दारातल्या ओट्यावर ऊन चढायच्या आत मी बसायला लागलो. आधी भुईमुगाच्या शेंगांवर हात साफ केला. शेंगेवर रंग छान बसायचा. मग तपकिरीत पांढरा मिसळून अंगाचा रंग तयार केला आणि मास्तरच्या चेहऱ्यावर लावला, तर तो तेलकट ताटावरच्या पाण्यासारखा थेंब थेंब होऊन गळ्यापर्यंत ओघळला. वाळल्यावर दुसरा हात दिला, तोही तसाच. तिसरा, चौथा. वहीत पातळ म्हटलं होतं, मी जाड देत गेलो. मास्तरची बोटं एकमेकांना चिकटली, नाक बुजून गेलं. मी तिच्यावर चिडलो. मेलेल्या माणसावर चिडलो. नीट सविस्तर लिहायला काय झालं होतं, असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा. पंधरा सकाळी गेल्या. शेवटी कुडता पांढरा केला, तो वाळला, आणि कॉलरपाशी नख लागलं तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा खांद्यापर्यंतचा रंग सुटून वर आला.

आखाजीच्या दोन दिवस आधी लेक आली. हातपाय धुऊन तिनं पहिल्यांदा मास्तरलाच उचललं.

"पप्पा, आधी काळा नाही मारला?"

"कुठे लिहिलंय काळा?" मी वही पुढे केली. "बघ. मी शब्दाबाहेर गेलेलो नाही."

तिनं ते वाचलं. मोठ्यानं वाचलं, आणि मी वाचलं होतं तसं नाही. आईसारखं वाचलं, पहिल्या शब्दावर जोर देऊन, जशी ती चूल पेटवताना किंवा कणीक मळताना काही बजावायची तसं.

"पयले काया."

घरात तीन महिन्यांनी तो आवाज झाला. मला एकदम ऐकू आलं. काया म्हणजे काळा. दुसरं काय असणार होतं?

"सगळ्या बाहुल्यांना पहिला हात काळा," लेक सांगत होती. "त्याशिवाय प्लास्टिकवर दुसरा रंग धरत नाही. व्हिडिओत हेच सगळ्यात आधी सांगतात."

मी पानाकडे बघत होतो. पुढच्याच शब्दात पातयचं पातळ केलं होतं मी. त्याच्या पुढे वायूचं वाळू. तोच नियम, तोच य, तोच ळ. जन्मभर ऐकलेली भाषा. आणि त्या सगळ्या लाल दुरुस्त्यांच्या शेजारी एका शब्दापुढे माझी बरोबरची खूण.

लाल शाई लेकीलाही दिसलीच होती. तिनं वही मिटली. मग विचारलं, "वही कुठं सापडली तुम्हाला?"

"शेवयांच्या डब्याखाली. हिनं कुठेतरी टाकून दिली होती."

"टाकली नव्हती. ठेवली होती. दवाखान्यात मला म्हणाली, वही शेवयास्ना डबाखाले शे, तू लई जाय. तुन्हा पप्पाले दखाडू नको, चुका काढतीन."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती.

त्या दिवशी मी कोमट पाण्यात साबण घालून मास्तरला बुडवून ठेवलं. काळा हात नव्हताच, त्यामुळे सगळा रंग जुन्या ब्रशनं घासल्यावर निघून गेला. बोटं सुटी झाली, नाक वर आलं. मग त्याला काळा दिला. पातय. आणि वायू दिला. आखाजीच्या सकाळी लेकीनं पाटावर घागर मांडली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवला आणि आईची पाच बाहुली घागरीपाशी उभी केली. शेजारी मास्तर, नखशिखांत काळा. मी हात जोडले पण मनात शब्द येईनात. कुठल्या भाषेत बोलायचं तेच कळेना.

कुडता दुसऱ्या दिवशी झाला. डोळे मात्र, "तुम्हीच काढा," म्हणून लेकीनं खराट्याची काडी माझ्या हातात दिली. एक डोळा जरा तिरळा गेला. मी पुसायला निघालो तर ती म्हणाली, "राहू द्या."

सहाही बाहुली कापसात गुंडाळून तिनं पिशवीत घातली. मी वहीही पुढे केली. तिच्यासाठीच होती ती. तिनं पानं चाळली, शेवटच्या पानापाशी थांबली आणि वही माझ्या हातात परत दिली. "तुमच्याकडेच राहू द्या, पप्पा." मग ती नंदुरबारच्या गाडीनं गेली.

मी ओट्यावर बसून ब्लेडनं लाल शाई खरवडून पाहिली. शाईबरोबर कागद निघायला लागला, आणि कागदाबरोबर तिचं अक्षर. मी थांबलो. पेन्सिल घेतली आणि तिच्या ओळींखाली, जन्मात पहिल्यांदा, अहिराणीत लिहिलं. मी चुकनू. लिहिताना नू पाशी अडलो. ऱ्हस्व की दीर्घ? हयातभर दुसऱ्यांचे उकार सुधारले आणि हा एक मला येत नव्हता. दीर्घ काढला. बरोबर आहे की नाही, ते तिनं सांगितलं असतं.